दोन मोटांचा हिसाब

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि स्वभावाने चिडका आहे हे आधीच सांगून टाकतो. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही चिडला असता.

निजामाच्या राजवटीची अखेरची वर्षे होती. लोह्याजवळच्या एका गावात सुताराने सागाच्या चार फळ्या जोडून मला बनवले. कोळसा वाटून, त्यात पानांचा रस मिसळून माझे अंग काळेभोर केले. आता माझ्यावर ज्ञान लिहिले जाणार, म्हणून मी फुलून गेलो होतो.

शाळेत फळा एकच, आणि वर्ग पाचवी, सहावी, सातवी असे तीन. सगळे एकाच ओसरीत बसत. अवधूत मास्तर रोज सकाळी माझ्यावर दोन उभ्या रेघा ओढत. उजवीकडे पाचवीचा जुगराफिया म्हणजे भूगोल, मध्ये सहावीची तारीख म्हणजे इतिहास, डावीकडे सातवीचा हिसाब म्हणजे गणित. सगळे उर्दूत लिहायचे, कारण सरकारी हुकूमच तसा होता. मुले घरी बोलत मराठी.

मग काय होणार? पाचवीला लंडनची नदी पाठ, पण गोदावरी कुठून कुठे वाहते ते ठाऊक नाही. सहावीतल्या कोणालाही शहाजहानच्या आधी कोण असे विचारले, की तो बाबरापासून म्हणायला लागे. एकदा मास्तरांचा खडू मोडला आणि माझ्यावर एक वाकडी रेघ ओढली गेली. सातवीतल्या देविदासने ती रेघसुद्धा वहीत उतरवून घेतली. आणि हा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा! मला कपाळ असते तर मी ते बडवून घेतले असते.

एके दिवशी शाळाखात्याचे नाजिर साहेब मुआयन्याला, म्हणजे तपासणीला आले. माझ्यावर हौदाचा हिसाब लिहिलेला होता. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्याने तीन तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळात? देविदासने डोळे मिटून उत्तर दिले, "दो घंटे." साहेबांनी आकडे बदलले. एक नळ बारा तास, दुसरा चार. देविदास पुन्हा म्हणाला, "दो घंटे." साहेबांनी अख्ख्या सातवीला विचारले. अख्खी सातवी म्हणाली, "दो घंटे."

साहेब संतापले नाहीत. दोन महिन्यांनी पुन्हा येईन, तेव्हाही हेच दिसले तर सातवीचा वर्ग बंद करीन, एवढेच शांतपणे सांगून ते गेले. वर्ग बंद म्हणजे पुढचे शिक्षण नांदेडला. तिथे राहण्या-जेवण्याची सोय कोणाच्याच घरच्यांना जमणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझ्यावरचे सगळे पुसले. मधल्या रेघासुद्धा. सातवीच्या शेवटच्या रांगेत दगडोबा नावाचा मुलगा बसायचा. त्याच्या घरी विहीर होती, आणि वर्गात तो कधी तोंड उघडत नसे. मास्तरांनी त्याला उभे केले आणि मराठीत विचारले, "नळ राहू दे. तुमच्या विहिरीवर दोन मोटा लावल्या. एकीनं हौद सहा घंट्यात भरतो. मग एका घंट्यात किती भरला?"

"सव्वा हिस्सा," कोणीतरी चुकीचेच कुजबुजले. दगडोबाने तिकडे लक्ष दिले नाही. त्याने बोटांवर सहा घंटे मोजले.

"सहावा हिस्सा, गुर्जी."

"आणि तीन घंट्यावाली मोट?"

"तिसरा हिस्सा. मंजी दोन्ही मिळून अर्धा हौद. मंग दोन घंट्यात भरतोच की."

मित्रांनो, मास्तरांनी ते तसेच लिहून काढले, आणि त्या दिवशी माझ्यावर पहिल्यांदा मराठी अक्षरे उमटली. दोन महिने मास्तर मराठीत समजावत आणि मग तेच उर्दूत लिहून घेत. हुकूम मोडल्याचे त्यांना कळत होते. पहिले काही दिवस लिहिताना ते मधूनच वळून रस्त्याकडे बघत.

नाजिर साहेब ठरल्याप्रमाणे आले. माझ्यावरची मराठी बघताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी दगडोबाला पुढे बोलावले आणि बारा तास, चार तासांचा तोच हिसाब घातला. दगडोबाने आधी खडूकडे पाहिले, मग साहेबांकडे. मी मनात चरफडलो. बोल ना रे बाबा!

"जनाब," तो हळूच म्हणाला, "जवाब उर्दूत देतो. हिसाब मराठीत करू का?"

साहेबांनी मान डोलावली. दगडोबाने खडू घेतला. एका तासात एका मोटेने बारावा हिस्सा, दुसरीने तीन बारावे, मिळून चार बारावे, म्हणजे तिसरा हिस्सा. मग वळून म्हणाला, "तीन घंटे."

साहेबांनी शेरा लिहिला तो असा: सातवीची प्रगती समाधानकारक. शिक्षक हुकूम पाळत नाहीत. वर्ग वाचला, आणि मास्तरांची बदली झाली, दूर इस्लापूरच्या जंगलात. हा कुठला न्याय, मला अजून कळलेले नाही.

जायच्या दिवशी मास्तरांनी माझ्यावर गोदावरी काढली, इस्लापूर कुठे ते दाखवले, आणि शाळा सुटल्यावर मला स्वतःच्या हाताने पुसून गेले.

नवे मास्तर आले. त्यांनी माझ्यावर उर्दूत दहा ओळी लिहिल्या, मुलांकडून दोनदा म्हणवून घेतल्या आणि फडके उचलले. माझा जीव पुन्हा वैतागला. तेवढ्यात देविदास उठून उभा राहिला. डोळे मिटून पाठ म्हणणारा देविदास. त्याचे डोळे आता माझ्या तिसऱ्या ओळीवर खिळले होते.

"जनाब, ह्याचा माने, म्हणजे अर्थ काय?"

नव्या मास्तरांना असा प्रश्न बहुधा कोणी विचारला नव्हता. त्यांनी तिसरी ओळ स्वतःशीच एकदा वाचली. मग त्यांनी फडके खाली ठेवले.

मित्रांनो, आता माझा रंग उडाला आहे, एक फळी चिरली आहे. मला वर्षातून एकदा काळे करा, पावसात भिजू देऊ नका, माझ्यावर खिळे ठोकू नका. एवढे नाही जमले तरी चालेल. पण माझ्यावर लिहिलेले समजले नसेल, तर कोणालाही ते पुसू देऊ नका.