लाखावी वात आणि कन्हानचा रोहू

मी एक फुलवात बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. फुलवात म्हणजे निरांजनात तुपात बसून दोन घटका जळणारी आणि मागे चिमूटभर काजळी ठेवणारी, एवढंच तुम्हाला ठाऊक असतं. माझ्या पोटातून मात्र पोलादी गळ गेला आहे आणि सात शेरांच्या रोहूनं मला तोंडात धरलं आहे. असा मान माझ्या जातीत दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझा जन्म सौंसरचा. कापूस कन्हान नदीच्या काठचा. मला वळणाऱ्या जयवंताबाईंचं माहेर तिथलं. त्यांचा भाचा कवडू तिथे शेती करायचा आणि दिवाळी झाली की पहिल्या वेचणीचा कापूस गाठोड्यात बांधून आत्याला आणून द्यायचा. एरवी त्या कापसाच्या घरापुरत्या वाती व्हायच्या. पंचावन्न सालच्या कार्तिकात मात्र जयवंताबाईंनी लाख वातींचं व्रत धरलं.

कारण होतं त्यांचा एकुलता एक मुलगा मोरेश्वर. तो नागपूरला सचिवालयात कारकून होता. शनिवारी छोट्या गाडीनं सौंसरला यायचा, सोमवारी परत जायचा. त्या वर्षी राज्यांची नवी वाटणी होणार असं वारं सुटलं. नागपूर एका राज्यात जाणार, सौंसर-पांढुर्णा दुसऱ्यात राहणार, राजधानी भोपाळला होणार. कचेरीतल्या कुणाला भोपाळला पाठवायचं, त्याची यादी निघणार होती. मोरेश्वर सौंसरचा, म्हणजे त्याचं नाव यादीत येणार असं जो तो म्हणायचा. विधवा आईनं मग देवालाच मध्ये घातलं. प्रत्येक वातीला पीळ देताना त्या पुटपुटायच्या, "माह्यं लेकरू जवळ राहू दे." आम्हा एक लाख बहिणींच्या कानात हेच वाक्य सांगितलं गेलं आहे.

आता मोरेश्वरच्या मासे धरायच्या काठीबद्दल सांगते. ती बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेली, तीन तुकड्यांत सुटणारी, विलायतेची. माझी आणि तिची ओळख नंतरची. जरा शिष्ट आहे, पण खोटं बोलत नाही. सत्तेचाळीस साली तिचा साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या पेट्यांची यादी नव्यानं लागलेल्या मोरेश्वरनं केली होती. साहेबानं जाताना ती त्याच्या हातात दिली आणि अंगणात उभं राहून दोर कसा फेकायचा ते शिकवलं. या खेळात गळाला गांडूळ लावत नाहीत, कणीकही लावत नाहीत. गळावर पिसं बांधून खोटी माशी करायची, दोर डोक्यावरून मागेपुढे झुलवायचा आणि माशी पाण्यावर अशी अलगद ठेवायची की माशाला ती खरी वाटावी.

मोरेश्वर प्रत्येक उन्हाळ्यात रजा काढून कवडूच्या शेताखालच्या डोहावर जायचा आणि दोर झुलवायचा. नऊ वर्षं गेली. एका रोहूनंही त्याची दखल घेतली नाही. कन्हानच्या माशांना विलायती किडे खायची सवय नव्हती, त्यात त्यांचं काय चुकलं? कवडू बांधावर बसून तमाशा पाहायचा.

"भाऊ, पान्याले चाबूक मारून काय भेटून राहिलं तुमाले? सांगा तं जाळं टाकतो," असं तो म्हणायचा.

"जाळ्यानं कोणीही धरतो रे," मोरेश्वर म्हणायचा आणि पुन्हा दोर उचलायचा. हट्ट तर आईकडूनच आला होता.

छप्पन सालच्या चैत्रात तो पंधरा दिवसांच्या रजेवर आला. डोहावर मोहाचं एक झाड वाकलेलं आहे. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत त्याची फुलं टपटप पाण्यात पडतात. त्या दिवशी मोरेश्वरला दिसलं, की फूल पडलं की खालून एक काळी पाठ वर येते, तोंड उघडतं आणि फूल नाहीसं होतं. नऊ वर्षं तो पाण्याकडे बघत होता, झाडाकडे त्यानं बघितलंच नव्हतं. त्यानं खरं फूल गळाला टोचून पाहिलं. पहिल्याच झोक्याला ते सुटून कवडूच्या संत्र्यांच्या बागेत जाऊन पडलं.

त्याच संध्याकाळी माझा जन्म झाला. मी लाखावी. त्या घरची रीत अशी, की व्रताच्या शेवटच्या वातीला हळद लावून ती सगळ्यांच्या वर ठेवायची. जयवंताबाईंनी मला हळदीचं बोट लावलं, दुरडीवर ठेवलं आणि "झाल्या बापा" म्हणत त्या देवळात सांगायला गेल्या. मोरेश्वर नदीवरून आला. समोर दुरडी, आणि दुरडीवर मी. गोल अंग, वर टोक, हळदीनं आलेला फिका पिवळा रंग. त्याला मी हुबेहूब मोहाचं फूल दिसले. लाखातली एक गेली तर कुणाला कळणार, असा हिशेब त्यानं केला. नागपूरला राहून माणूस घरच्या रीती विसरतो. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवांतली कुठलीही गेली असती तर कळलं नसतं. त्यानं नेमकं मलाच उचललं.

रेशमाच्या दोऱ्यानं त्यानं मला गळावर बांधलं. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही.

सकाळी डोहावर मी मोहाच्या फुलांमध्ये उतरले. पिसांच्या माश्या पाण्यावर तरंगत राहायच्या. मी थोडी भिजले आणि खऱ्या फुलासारखी सावकाश बुडू लागले. एवढ्यात खालून अंधार वर आला आणि मी त्याच्या तोंडात होते.

काठी अशी वाकली की तिचं शिष्टपण पार गेलं. रोहू डोहाच्या तळाशी गेला, मग पल्याडच्या खडकाकडे धावला. कवडू धोतर खोचून पाण्यात शिरला. "ढील द्या भाऊ, ढील द्या! वढू नका!" नऊ वर्षं हसणारा माणूस आता मोरेश्वरपेक्षा जास्त घाबरला होता. अर्ध्या तासानं रोहू वाळूवर आला. कवडूनं तराजू आणून तोलला, सात शेर भरला. मोरेश्वरनं तो कवडूच्याच घरी दिला. व्रताच्या घरात मासा नेणार कसा? मला मात्र त्यानं टोपीवर मानानं खोचलं.

घरी आलो तेव्हा जयवंताबाईंनी माजघर उलटंपालटं केलं होतं. लाखावी वात उंदरानं नेली म्हणून त्या फडताळाखाली झाडून बघत होत्या. मोरेश्वर दारातूनच सांगू लागला, "आई, धरला! नऊ वर्षांनी धरला!" त्या उठल्या. त्यांचं लक्ष टोपीकडे गेलं. हळद ओळखू येत होती आणि माशाचा वासही लपत नव्हता.

"तुह्यापायी केल्या रे लाख वाती," त्या हळूच म्हणाल्या. "अन् तूच त्यातली नेली? माशाच्या तोंडात घातली?"

"दुसरी करू नं आई. आत्ता करू."

"हिच्यावर तुह्यं नाव घेतलं होतं. आता यादीत नाव आलं तं देवाले बोल लावू नको."

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, वाटली नाही. पण मोरेश्वरचा चेहरा पाहून माझा ताठा तेवढ्यापुरता उतरला. वैशाख पौर्णिमेला माझ्या बहिणी देवापुढे जळल्या, एक कमी. जयवंताबाईंनी नवी वात केली नाही. मायलेकांचं बोलणं जेवण वाढण्यापुरतं उरलं.

दसऱ्याच्या सुमारास यादी निघाली. नाव होतं.

मोरेश्वर पांढुर्ण्याहून गाडी धरणार होता. जयवंताबाई मोटारीनं बरोबर आल्या, सोबत कवडू ट्रंक घेऊन. फलाटावर मोरेश्वरची मान खालीच होती. त्यानं मला ट्रंकेतून काढलं आणि आईपुढे धरलं.

"माझ्यामुळेच झालं आई. ही ठेवून घे."

त्यांनी मला हातात घेतलं, अंगठ्यानं कुरवाळलं. मग त्याच्या टोपीत आतल्या बाजूला जपून खोचलं.

"यादी तं मी पहिली वात वळली त्याच्याही आधी लिहून झाली असन," त्या म्हणाल्या. "मी रागात बोलून गेली. पण मोरू, तू मागितली कायले नाही? मागितली असती तं मी दिली नसती का?"

गाडी आली. तिगावचं स्टेशन मागे पडलं तरी मोरेश्वर टोपी हातात धरून बसला होता. त्या दिवशी मला कळलं की बाईंना दुःख वातीचं नव्हतं. पोरगा आपल्याला न विचारता घेतो, एवढा परका झाला, याचं होतं.

तीन वर्षं मी भोपाळला आहे. मोरेश्वरनं इथल्या तलावात मला एकदाही भिजवलं नाही. साहेब लोकांनी काठी पाहिली, मागितली. तो देत नाही. रोज कचेरीत जाताना मी टोपीत असते. माझ्या बहिणी देवाकडे गेल्या, त्याच्याजवळ मी एकटी राहिले. आईनं कानात सांगितलेलं काम कुणी केलं, ते तुम्हीच ठरवा.

गेल्या आठवड्यात हुकूम आला. पांढुर्ण्याच्या कचेरीत बदली. मोरेश्वरनं तो तीनदा वाचला आणि घरी कळवलं. काल आईचं पोस्टकार्ड आलं. दुसरीपर्यंत शिकलेल्या हाताची मोठी, वाकडी अक्षरं. पौर्णिमेला वात लावून व्रत पुरं करायचं, असंच काही असेल असं मला वाटलं. मी तयार होते. लाखावी आहे, जळायला भीत नाही.

कार्डावर एवढंच होतं: "मोहाची फुलं पडून राहिली. वात घेऊन ये. आधी डोहावर नेजो, मलेही पाहाचं हाये. मंग देवापुढे लावू."

मोरेश्वरनं काठीचे तिन्ही तुकडे पुसून पिशवीत घातले आहेत. गाडी उद्या सकाळची आहे.