वीस लिटरचं वावर

"बाबा, ही झाडं अशी का दिसायलीत?" मागचं दार उघडताच सोनियाच्या हातातली ओल्या कपड्यांची बादली खाली टेकली.

साहेबरावांनी सुनेकडे पाहिलं नाही. "ऊन लागलंय," ते म्हणाले.

"ऊन? लोक सकाळी स्वेटर घालून फिरायलेत, अन् ऊन?"

बजाजनगरातल्या त्या घरामागे दहा बाय आठची जागा. तिथे रंगाच्या, वीस-वीस लिटरच्या सव्वीस बादल्या, दोन निळे ड्रम आणि जुन्या कूलरचा एक टब. चार दिवसांपूर्वी तिथे वांगी, टोमॅटो, मिरच्या, टबात मेथी असं सगळं कसं खुशीत डोलत होतं. आज पानं कडेनं करपून खाली लोंबत होती. मोठ्या ड्रममधलं अंजिराचं झाड तेवढं जिवावर उदार होऊन उभं होतं.

आणि हे ज्यानं केलं तो माणूस काही ऐरागैरा नव्हता. गंगापूरकडे बारा एकर कसलेला, पंचेचाळीस वर्षं ऊस-कापूस पिकवलेला पक्का शेतकरी! दोन्ही गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा साहेबरावांनी शेती धाकट्या भावाच्या, पुंडलिकच्या हवाली केली आणि बायकोला घेऊन मुलाकडे राहायला आले. ते आले आणि टीव्हीसमोर बसले. मनकर्णाबाईंना मात्र बसवेना. त्यांनी बांधकामांवरून रंगाच्या रिकाम्या बादल्या गोळा केल्या, तापलेल्या सळईनं बुडाला भोकं पाडली, मातीत नारळाचा भुसा आणि शेणखत कालवलं आणि सुरुवात केली.

"बादलीत शेती!" साहेबराव खदाखदा हसले होते. "उद्या वाटीत ऊस लाव."

मनकर्णाबाईंनी तोवर पुढची बादली भरायला घेतली. पुढे दोन महिन्यांत घरात भाजी विकत आणणं बंद झालं, तरी साहेबरावांनी एक तांब्या पाणीही घातलं नाही. बादलीला पाणी घालायला काय शेतकरी लागतो?

मग पुतणीचं लग्न निघालं आणि मनकर्णाबाई आठ दिवसांसाठी गावी गेल्या. जाताना म्हणाल्या, "पानी तेवढं घाला. बाकी कायबी करू नका."

हे 'बाकी कायबी करू नका' साहेबरावांना झोंबलं. करू नका म्हणे! ज्याच्या बांधावर तालुक्याचा कृषी अधिकारी येऊन चहा पिऊन जायचा, त्याला सांगते, करू नका! ही परत येईपर्यंत झाडं काळीभोर करून दाखवतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पुंडलिकनं दिलेला पिशवीभर युरिया पलंगाखाली होताच. त्यांनी तो वावरात टाकतात तसा टाकला. पाऊल टाकायचं, मूठ सोडायची. पाऊल, मूठ. पंचेचाळीस वर्षांची सवय ती. वावरात एक मूठ वाफाभर पसरते. इथे एकेक मूठ एकेका बादलीत पडली.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. शेजारच्या कालिंदीबाई, निवृत्त शिक्षिका, त्यांचा कुंड्यांत भाजी लावणाऱ्या बायकांचा गट होता. शेजारी खराखुरा शेतकरी राहतो म्हटल्यावर त्यांनी मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, "साहेबराव, रविवारी आमच्या बायकांना चार गोष्टी सांगाल का? तुमच्याच मागच्या अंगणात जमू."

"या की! बादलीत काय अन् वावरात काय, माती ती मातीच."

रविवार उद्या होता. मनकर्णाबाईही उद्याच येणार होत्या. साहेबराव तडक कालिंदीबाईंच्या दारात गेले.

"बाई, उद्याचं जरा पुढं ढकला. गुडघा लई दुखायलाय."

"अहो, मग बसूनच बोला. खुर्ची मी आणते माझ्याकडची. हात असलेली."

झालं! साहेबराव आले तसे परतले.

"नर्सरीतून नवी रोपं आणू का?" सोनियानं विचारलं. "आईंना काय कळतंय?"

"तिला?" साहेबराव म्हणाले. "ती झाडाझाडाला वळखती."

सकाळी मनकर्णाबाई आल्या. हातातली पिशवी खाली न ठेवताच मागे गेल्या. साहेबराव दाराच्या चौकटीशी उभे. त्या वांग्याच्या बादलीपाशी बसल्या, बोटानं माती उकरली, वास घेतला.

"किती टाकला?"

"मूठ."

"एकेकाला?"

"व्हय."

"हे वांगं माझ्या माहेरचं व्हतं. आईनं बी दिल्यालं." एवढंच त्या बोलल्या. मग पदरानं डोळे टिपून उठल्या. "उरल्यालं बी हाये डब्यात. ते ठेवल्याबिगर का मी गावाला गेले?" दारातून आत जाताना त्या थांबल्या. "बाया यायल्यात ना? त्यांना सांगा ऊन लागलं म्हणून. मी नाय बोलत कुणाला."

साहेबरावांना वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं. आयुष्यभर हिनं हेच केलं. बियाणं चुकीचं आणलं की पाऊस कमी पडला म्हणून सांगायची, पाण्याची पाळी चुकली की मजुरांवर ढकलायची. सातबारा त्यांच्या नावावर, आणि त्यांच्या चुका हिच्या पदराखाली. लाज वाटली त्यांना. खरंच लाज वाटली.

दहा वाजता पंधरा-वीस बायका जमल्या. कालिंदीबाईंनी ओळख करून दिली, "बारा एकरांचे अनुभवी बागायतदार." साहेबराव टोपी सारखी करून खुर्चीत बसले. इतक्यात पुढची एक पोरसवदा बाई म्हणालीच, "काका, ही झाडं अशी कशामुळं झाली?"

मनकर्णाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. 'ऊन' हा शब्द साहेबरावांच्या अगदी ओठांवर आला होता.

"मी जाळली," ते म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा करपलेल्या पानांवरून त्यांच्याकडे वळल्या.

"युरियानं जाळली. वावरात टाकतो तशी मूठ-मूठ टाकली. लेकराला बापाचं जेवण वाढलं, मग दुसरं काय व्हणार?" एकजण फिसकन हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि साहेबरावही हसले. "बाई, तुम्ही माणूस चुकीचा धरला. माझं वावर बारा एकरांचं. हे वीस लिटरचं. हे मला येत नाय. जिनं केलंय, तिला इचारा."

ते उठले, बायकोच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि खुर्चीकडे हात केला.

"अगं बाई! मी काय बोलू?" मनकर्णाबाई मागे सरकल्या. "माझं काय शिक्षाण हाये का!"

"पुस्तकातलं मला सांगता येतं," कालिंदीबाई म्हणाल्या. "आम्हाला तुमचं हवंय. बसा."

त्या बसल्या. अगदी कडेला, पाठ न टेकता. बांधावर अधिकारी यायचे तेव्हा खुर्ची नेहमी साहेबरावांसाठी यायची आणि यांच्या हातचा चहा तेवढा घरातून बांधावर जायचा.

"मग आता या झाडांचं काय करायचं?" कालिंदीबाईंनी विचारलं.

"आधी हात आखडता घ्यायचा," त्या हळूच म्हणाल्या, आणि बायका पुन्हा हसल्या. मग आवाज सुटत गेला. माती धुऊन काढायची, बुडातून पाणी निथळलं की परत घालायचं, करपलेली पानं तोडायची पण खोडाला घाई करायची नाही. वांग्याला काय सोसतं, मिरची कशानं रुसते, अंजिराची मुळं किती खोल जातात. साहेबराव चहा वाटत फिरत होते. शेवटचा कप देताना त्यांच्या लक्षात आलं की यातलं निम्मं आपल्याला माहीत नाही.

"अहो," खुर्चीतून हाक आली, "त्या मिरचीला पानी घाला बरं. दाखवू यांना."

साहेबरावांनी तांब्या भरून आणला. मिरचीपाशी वाकले आणि थांबले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"मी बास म्हणेस्तोवर."

साहेबरावांनी तांब्या कलता केला. धार बारीक ठेवली, आणि झाडाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत राहिले.