पंधरा मीटर भिंत

झोर्को आमचे मुख्याध्यापक. माणूस सोन्यासारखा, पण अर्ज लिहायला बसले की त्यांचा हात सैल सुटतो. ग्रीसच्या एका बेटावरच्या शाळेला जोडीला घेऊन आम्ही युरोपच्या शिक्षणनिधीकडे प्रकल्प मागितला, तेव्हा त्यांनी लिहून टाकलं, की दोन्ही शाळांची चोवीस मुलं आमच्या गावात पाच दिवसांत पंधरा मीटर भिंत बांधतील. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड रचून.

शिकवणार होते कार्लो. वय एकोणऐंशी. आमच्या क्रास पठारावरच्या निम्म्या दगडी कुंपणांना त्यांचा हात लागलाय.

"पंधरा कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आकडा बरा दिसतो," झोर्को म्हणाले.

"कागदावर दिसतो. दगडांना विचारलंत का?"

प्रकल्प मंजूर झाला. साठ हजार युरो, एकरकमी. मी शाळेची कारकून, तीस वर्षं पावत्या टाचत आलेली. निधीचं काम बघणाऱ्या लुब्लियानाच्या कार्यालयाला फोन करून विचारलं, कुठल्या पावत्या पाठवू?

"एकही नको, मिलोइकाबाई," तिथल्या नूशाबाई म्हणाल्या. "त्या तुमच्या दप्तरी ठेवा. पैसे कशावर किती घालवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही बघणार ते एवढंच, की जे करू म्हणालात ते झालं का, आणि नीट झालं का. एखादं काम राहिलं, तर त्या कामाच्या वाट्याची रक्कम कापली जाईल."

भिंतीच्या वाट्याला अठरा हजार होते.

मार्चमध्ये ग्रीसची बारा मुलं आली, सोबत त्यांच्या फोतिनीबाई. पहिले दोन दिवस छान गेले. कार्लो दगडावर बसून सांगायचे, "हातात घेतलेला दगड परत खाली टाकायचा नाही. त्याची जागा असतेच, तुम्हाला दिसत नाही एवढंच." मुलं दगड पोटाशी धरून जागा शोधत भिंतीभोवती फिरायची.

तिसऱ्या दिवशी बुर्या सुटला. आमचा हा वारा एकदा डोंगरावरून उतरला की मोठ्या माणसालाही उभं राहू देत नाही. तीन दिवस मुलं शाळेत कोंडलेली. आंबवलेला कोबी आणि घेवड्याची योता खाऊन, पत्ते खेळून कंटाळली. निघायच्या दिवशी मी टेप घेऊन माळावर गेले. भिंत भरली सहा मीटर.

झोर्को माझ्या मागून आले. पुढच्या जुन्या कुंपणाकडे बघत म्हणाले, "हे धरून फोटो काढला तर पंधरा सहज होतील."

कार्लो तिथंच होते. त्यांचा आवाज चढला नाही. "ते माझ्या आजोबांनी रचलंय, झोर्को. आजोबांचे दगड पोरांच्या नावावर घालतोस? आणि पोरांनी सहा मीटर रचलेत, त्यांना काय सांगशील? की पुरले नाहीत म्हणून?"

झोर्को कानापर्यंत लाल झाले. "चुकलं, कार्लोकाका," म्हणाले आणि तिथल्या तिथे फोतिनीबाईंकडे गेले. त्या हसल्या. "दगड आमच्याकडे काय कमी आहेत? उरलेली नऊ मीटर आमच्याकडे बांधू. तुम्ही मुलांना घेऊन या."

मी पुन्हा लुब्लियानाला फोन लावला.

"हे आत्ता कळवलंत ते बरं केलंत," नूशाबाई म्हणाल्या. "वारा, सहा मीटर, उरलेलं कुठं आणि कधी, सगळं आहे तसं लिहून पाठवा. रक्कम मात्र वाढणार नाही."

रक्कम वाढणार नव्हती, म्हणून आम्हीच ओढून-ताणून बसवली. समारोपाचं हॉटेलातलं जेवण रद्द केलं, विमानाऐवजी बस आणि जहाज धरलं. कार्लो आयुष्यात समुद्र ओलांडून गेले नव्हते. मी त्यांच्यासाठी दोन स्वेटर घेतले. मे महिना होता, त्यांनी एकही घातला नाही.

बेटावर स्तेलिओस नावाचे तिथले जुने गवंडी वाट बघत होते. त्यांची पद्धत वेगळी. मध्ये मध्ये मोठा दगड उभा करायचा आणि मधली जागा भरायची. कार्लोंनी बघितलं आणि मान हलवली.

"हे पडेल."

फोतिनीबाईंनी सांगितल्यावर स्तेलिओस काहीतरी लांबलचक बोलले.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, तुमची तर वाऱ्यानंच अडवली."

कार्लो एका टोकाकडून रचायला बसले, स्तेलिओस दुसऱ्या. मुलं दोघांच्या मध्ये. चौथ्या दिवशी दोन्ही टोकं भेटायला आली आणि मधला शेवटचा दगड कुणालाच बसेना. दोघं म्हातारे गुडघ्यावर बसून एकमेकांना खुणा करत राहिले. शेवटी स्तेलिओसनी कार्लोंच्या हातातला दगड घेतला, उलटा केला आणि परत त्यांच्याच हातात दिला. कार्लोंनी तो बसवला. मग म्हणाले, "याला येतं."

डिसेंबरात पत्र आलं. भिंतीचं काम पूर्ण धरलं होतं. अर्जात कबूल केलेल्या प्रकल्पाच्या संकेतस्थळाच्या कामाला मात्र गुण कमी पडले आणि तिथली थोडी रक्कम कापली. ते काम माझ्याकडे होतं. मी दोन दिवस ते पत्र पुन्हा पुन्हा काढून वाचत राहिले.

तिसऱ्या दिवशी कार्लो कचेरीत आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "स्तेलिओसला पत्र लिहायचंय. तू लिही, मी सांगतो."

"काय लिहू?"

"लिही, तू पाठवलेले ऑलिव्ह पोचले. खारट होते. पण मी संपवले." मग कागदाकडे बोट केलं. "आणि विचार, त्याच्या बाजूची भिंत उभी आहे का अजून."