हरला कशानं?

“पिराजी, गडहिंग्लजची यष्टी सुटंल. घे ती ट्रंक आन् सोडून ये हिला. पांढऱ्या पायाची हाय!”

पिराजीच्या आईचा, चिमणाबाईचा हा आवाज बावड्याच्या निम्म्या गल्लीनं ऐकला, आणि नेमके तेव्हाच केरबा वस्ताद कोपऱ्यावरून आत शिरले.

सून बना माघात या घरात आली. चैत्रातल्या मैदानात तिचा नवरा पिराजी, म्हणजे वस्तादांचा लाडका पठ्ठ्या, चितपट झाला. झालं! खापर फोडायला नवी सून आयतीच सापडली. अशी माहेरी धाडलेली पोर परत येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वस्तादांना कच्चं बोलणं खपत नसे. समोरच्याचा पाय कुठं लटका पडलाय, ते त्यांना आखाड्यात दिसे तसं बोलण्यातही दिसे.

“चिमणाक्का, लगीन झालं, मग हारला. म्हणून लगनानं हारला व्हय? त्या दिवशी कोंबडाबी आरवला हुता. त्येलाबी यष्टीत बसवा की!”

गल्ली हसली. चिमणाबाई हसली नाही.

“सगळी गल्ली म्हणतीया!”

“गल्ली तर पिराजीच मैदान मारणार म्हणत हुती. मारलं?”

“तुमचं लगीनच न्हाय झालं. सुनांचं तुमास्नी काय कळतंय?”

“मी म्हस न्हाय. तरी नासलेलं दूध वळकतो की.”

वस्ताद रंगात आले होते. तेवढ्यात चिमणाबाईचा आवाज एकदम खाली आला.

“मग माझा पोरगा हारला कशानं? तेवढं सांगा.”

एवढ्या वेळात पहिल्यांदा कुणी मुद्द्याचं विचारलं होतं, आणि उत्तर फक्त वस्तादांना आणि पिराजीला ठाऊक होतं. पिराजीचा गुडघा दिवाळीतच गेला होता. हे फुटलं की त्याच्याशी कुस्तीची जोड कुणी लावणार नव्हतं, आणि तालमीला दुसरा पिराजी नव्हता. भिंतीशी उभी बना वस्तादांकडेच बघत होती.

“गुडघा गेलाय त्येचा,” वस्ताद म्हणाले. “लगनाच्या आदीच. ठावं असून म्याच उतरवला त्येला.”

“खोटं! सुनेला राखायला रचताय!”

पिराजी पुढं झाला आणि पाया पडायला वस्तादांसमोर गुडघे टेकायला गेला. एरवी सगळ्यांदेखत तो दात आवळून खाली बसत असे; आज त्यानं दुखणं लपवलं नाही. उजवा पाय निम्म्यातच अडला. भर गल्लीत तो तसाच तोलत राहिला.

शेवटी वस्तादच खाली बसले. तो गुडघा त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि लहान मुलासारखे रडले.

बना कुणाला न विचारता तेल गरम करायला घरात गेली.