मांडीवाली

मानसिंग हवालदाराची जीभ एरवी फार सावध. सतरा वर्षं फौजेत आणि त्यानंतर अकरा वर्षं संग्रहालयाच्या पहाऱ्यावर काढलेल्या माणसाला विचारल्याशिवाय बोलायची सवय राहत नाही. पण बहात्तर सालच्या मे महिन्यात, एका मंगळवारी संध्याकाळी जेवताना, ती घसरली आणि घरात भलताच घोळ होऊन बसला.

संग्रहालय डोंगराच्या मध्यावर होतं. माथ्यावर देवी, पायथ्याला गाव आणि मध्ये संस्थानच्या हौशी राजांनी जमवलेली चित्रं आणि पुतळे. संस्थान गेलं, राजे गेले, चित्रं राहिली. देवीला जाणारी माणसं उतरताना सावलीला म्हणून आत शिरायची, आणि शिरलीच आहेत तर बघायचीही. मागच्या दालनात राजांनी बोटीनं मागवलेली एक पांढरीशुभ्र प्लॅस्टरची मूर्ती होती. बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर आडवा पडलेला, मेलेला जवान मुलगा. खालच्या पाटीवरचं नाव संग्रहालय सांभाळणाऱ्या साहेबांशिवाय कुणाला धड म्हणता येत नसे. पहारेकरी तिला मांडीवाली म्हणायचे.

मानसिंगला तिची माहिती पाठ होती. मूळ मूर्ती रोमच्या मोठ्या देवळात आहे. मायकेलअँजेलो नावाच्या विशी-पंचविशीतल्या पोरानं ती एकाच संगमरवरी दगडातून काढली. येशूला मेल्यावर क्रुसावरून खाली उतरवलं आणि आईच्या मांडीवर दिलं, तो हा क्षण. एवढं बोलून तो सहलीच्या पोरांना म्हणायचा, "आता गुमान फुडं चला." पण डिसेंबरपासून त्यानं आईच्या मांडीचं वाक्य गाळलं होतं. "मूळ रोमला, ही प्लॅस्टरची, हात लावू नका," एवढ्यावर तो उरकायचा, आणि तेही पाठमोरा उभा राहून.

डिसेंबरात त्याचा नाथाजी गेला. एकुलता एक. पूर्वेच्या लढाईत, कुठल्याशा नदीकाठी. आधी तार आली, मग पत्र आलं, मग एक ट्रंक आली. पत्रात लिहिलं होतं की दहन तिथंच इतमामानं केलं आणि अस्थी तिथल्याच नदीत सोडल्या. मानसिंग स्वतः फौजी, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. लढाईत असंच होतं. पण त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, ते पटेना.

"ज्येचं त्वांड बगितलं न्हाई, त्येचं दिवस कसं घालू?" ती म्हणाली. आणि तिनं दिवस घालू दिले नाहीत. दहावा नाही, तेरावा नाही. भावकी कुजबुजून गप्प बसली. सुनेनं, विजयमालानं, कुंकू पुसायला हात उचलला तेव्हा सासूनं तो धरला. "माझा ल्योक यील तवा त्येला काय दावशील?" तेव्हापासून ती बावीस वर्षांची मुलगी रोज सकाळी आरशासमोर उभी राहायची आणि नवरा मेलेला ठाऊक असून कपाळाला कुंकू लावायची. ती रडली तर सासू म्हणायची, जित्या माणसासाठी रडू नये. म्हणून ती रडायचीही बंद झाली. हे मानसिंग रोज बघायचा, पण बायकोपुढं बोलायची त्याची छाती नव्हती.

त्यात विजयमालाचा भाऊ, भाऊसो, इस्लामपूरहून आला. सांगलीला नर्सिंगच्या कोर्सला लढाईतल्या जवानांच्या विधवांसाठी जागा होत्या. विजयमाला मॅट्रिक झालेली, तिला जागा मिळण्यासारखी होती. भाऊसोनं फॉर्म आणला होता. फक्त पलटणीचा मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि तो चंद्राबाईच्या पेटीत, पेटीची किल्ली तिच्या कनवटीला.

"द्या की, आत्या," भाऊसो हात जोडून म्हणाला. "एकतीस तारखंपतोर फॉर्म जायाला पायजे. पुरीचं सारं आयुक्श पडलंय."

"फॉर्मावर काय लिवायचं?"

भाऊसोनं मान खाली घातली. "विधवा म्हनून लिवायचं."

"मग न्हाई," असं म्हणून चंद्राबाई उठून गोठ्यात गेली. विजयमाला भाकरी थापत होती, तिनं मानही वर केली नाही. शनिवारी पुन्हा येतो, असं सांगून भाऊसो गेला. आता काय होणार ते मानसिंगला दिसत होतं. शनिवारी भाऊसो रिकाम्या हातानं परत जाईल, आणि ही पोर जन्मभर या घरात मेलेल्याची वाट बघणारीची सोबत करील.

असं सगळं असताना तो मंगळवार उजाडला. दुपारच्या गाडीनं पेपर आला आणि साहेब खुर्चीतच खचले. साहेब पुण्याचे, एकटेच राहणारे, चित्रांवर पोरांसारखी माया करणारे. "मानसिंगराव, मूळ मूर्ती फोडली हो," ते म्हणाले. रविवारी रोमच्या देवळात एक माणूस हातोडा घेऊन शिरला आणि त्यानं मूर्तीवर दहा-पंधरा घाव घातले. आईचा डावा हात कोपरापासून तुटला, नाक उडालं, पापणी उडाली. मारताना तो ओरडत होता, मीच येशू आहे, मी मेलेल्यातून उठून आलोय.

साहेबांनी ताबडतोब हुकूम काढला की येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या तपासायच्या, हातोडा सापडला तर जप्त. मानसिंगनं तपासल्या. देवीला आलेल्यांच्या पिशव्यांत नारळ, कापूर आणि शिळ्या भाकऱ्या निघाल्या. जतच्या एका म्हाताऱ्यानं तर विचारलं, "हवालदार, हातोडा कशाला? नारळ फोडायला वर धोंडा हाय की." संध्याकाळी जेवताना गंमत म्हणून तो हे घरी सांगायला लागला, आणि सांगता सांगता सगळंच सांगून बसला.

चंद्राबाईचा घास हातातच राहिला.

"काय म्हनला त्यो मानूस?"

"कोन?"

"हातोडावाला. मी कोन म्हनला?"

मानसिंगला चूक कळली, पण उशीर झाला होता. "येडा हुता गं त्यो. म्हनला, मी हिचा ल्योक. मी मेलो न्हाई, परत आलोय."

"बगा," चंद्राबाई म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता, आणि तो उजेड बघून मानसिंगला धडकी भरली. "मांडीवर घिऊन बसलेलीचा बी परत आला. मी तर माज्याला बगितला बी न्हाई."

"अगं, त्यो येडा..."

"येडा का हुईल? त्यो परत आला, आन् आई दगडावानी बसली, वळखंना. मग आला आसंल त्येला राग." तिनं सुनेकडं बघितलं. "विजे, ऐकलंस का?"

विजयमाला ताटावरून उठली आणि घरामागच्या परड्यात गेली. मानसिंगला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मला बगायची हाय ती," चंद्राबाई म्हणाली. "उद्या मला न्या."

अकरा वर्षांत तिनं संग्रहालयाचा उंबरा ओलांडला नव्हता. देवीला जायची, पण आत कधी नाही. नागडीउघडी चित्रं आहेत असं तिनं ऐकलं होतं. आणि गेले पाच महिने तिनं येऊ नये म्हणून मानसिंगच नवस करत होता. त्यानं नानापरी टाळून बघितलं. साहेब रागावतील म्हणाला, पिशव्यांची तपासणी चालू आहे म्हणाला. तिनं सांगितलं, माझ्याजवळ पिशवीच नाही.

बुधवारी सकाळी दार उघडल्या उघडल्या तो तिला घेऊन गेला. गर्दी नव्हती. ती चित्रांकडं न बघता डोक्यावरचा पदर धरून त्याच्या मागून चालली आणि मागच्या दालनात येऊन थांबली.

मानसिंग मूर्तीभोवतीच्या दोरीजवळ उभा राहिला. पाच महिन्यांत तोही पहिल्यांदाच समोरून बघत होता. मुलाचं डोकं मागं कलंडलेलं, हात लोंबता, पाय सैल. लढाईत त्यानं असे हात खूप बघितले होते आणि उचललेही होते, पण ते दुसऱ्यांच्या मुलांचे होते.

"ही बायकू हाय का त्येची?" तिनं विचारलं.

"न्हाई. आई."

"लय तरनी हाय."

सगळेच हे विचारायचे. साहेबांनी उत्तर शिकवलं होतं की ती पवित्र आहे, म्हणून वय दिसत नाही. पण ते त्याच्या तोंडातून निघेना.

चंद्राबाईनं दोरी उचलली आणि खालून आत गेली. अकरा वर्षं तो त्या दोरीपाशी लोकांच्या अंगावर खेकसत आला होता. आज तो बाजूला सरला. तिनं मूर्तीला सगळीकडून बघितलं. बाईचा उजवा हात मुलाच्या काखेखाली होता, बोटं पसरून त्याला सावरून धरत होता. तिनं आपली बोटं त्या बोटांवर ठेवली. मग त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिली, ताप बघतात तसा.

"आवं," ती हळूच म्हणाली, "ह्यो न्हाई उठायचा."

तळवा तसाच ठेवून ती पुढं बोलली.

"कुनी सांगितलं तिला, मी तुजा, परत आलोय म्हून, तर त्यो खोटारडा. हातोड्यानं मारनारच त्यो. हितं पडलाय तिचा." तिनं बाईच्या डाव्या हाताकडं बघितलं. रोमला तुटला तो हा हात. इथं तो धड होता आणि रिकामा पुढं केलेला होता. "ह्यो हात काय म्हनतोय?"

"साहेब म्हंत्यात, देवाला अर्पन केला म्हनतोय."

"न्हाई वो," चंद्राबाई म्हणाली. "आता ह्येला घिऊन मी काय करू, म्हनतोय." मग ती पुन्हा त्या बाईच्या तोंडाकडं बघायला लागली. "तरनी कशी न्हाई दिसायची? ल्योक मांडीवर पडला तवा तिला त्यो तान्हा हुता तवाचंच ध्यानात आलं आसंल. त्या येळंचीच झाली ती."

एवढं बोलून ती मूर्तीपुढं फरशीवर बसली. नेसूचं सावरलं आणि मांडी पसरली. उजवा हात पोराच्या काखेत घालतात तसा धरला, डावा उघडा ठेवला. पाळण्यातून पोर उचलून दिलं तर घेतील, अशी ती बसली, आणि खाली बघितलं. मांडीवर काही नव्हतं. जे तिला तार सांगू शकली नाही, पत्र सांगू शकलं नाही, नवरा तर सांगूच शकला नाही, ते तिला त्या रिकाम्या मांडीनं सांगितलं. "नाथ्या रं," असं तिनं एकदा म्हटलं आणि मग तिला हुंदका फुटला. पाच महिन्यांचं रडं. दालन मोठं होतं, ते घुमलं. साहेब धावत आले, त्यांना वाटलं हातोडावाला आला. दारातून बघितलं आणि आपणहून बाहेरचं फाटक लावून बसले.

मानसिंगही दोरीखालून आत गेला. खाकी कपड्यांत, ड्यूटीवर, तो बायकोशेजारी फरशीवर बसला आणि रडला. पोराला भरतीला तोच घेऊन गेला होता. हा सल त्यानं कुणाला सांगितला नव्हता, आणि चंद्राबाईनं कधी ऐकवलं नव्हतं. आज त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय." त्याच्या पाठीवर तिनं हात ठेवला.

घरी आल्यावर तिनं पेटी उघडली. दाखला विजयमालाच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच. मोट्यानं वाच." विजयमालानं नाव वाचलं, नंबर वाचला, तारीख वाचली, आणि पुढच्या शब्दाला तिचा आवाज फुटला. सासूनं तिला जवळ ओढलं. "रड गं," ती म्हणाली. "मी तुला रडू दिलं न्हाई. माजं चुकलं." त्यानंतर त्या दोघी किती वेळ रडत होत्या ते मानसिंगला माहीत नाही. तो ओसरीवर बसून राहिला.

शनिवारी भाऊसो आला, फॉर्म गेला. जून संपता संपता पत्र आलं, आणि पावसानं दडी मारलेल्या एका सकाळी सगळे एसटी स्टँडवर उभे होते. विजयमालाला कराडला गाडी बदलून सांगलीला जायचं होतं. भाऊसोनं ट्रंक टपावर चढवली. तिचं कपाळ मोकळं होतं. तिकडं बघायची मानसिंगला अजून सवय झाली नव्हती.

इंजिन सुरू झालं तेव्हा चंद्राबाई खिडकीशी गेली आणि तिनं सुनेचा हात धरला.

"विजे, तितं दवाखान्यात मानसं मरत्याल. तुला बगाय लागंल."

"व्हय, आत्या."

"कुनाचा ल्योक गेला तर त्वांड झाकायची घाई करू नगंस. डाकतर म्हनला तरी करू नगंस. आदी त्येच्या आईला बोलीव. तिला खाली बसीव, आन् त्येला तिच्या मांडीवर दे."

विजयमालानं मान हलवली. कंडक्टरनं घंटी दिली, चंद्राबाईनं हात सोडला आणि गाडी कराडच्या रस्त्याला लागली.