खेकड्यांचा गुणफलक आणि त्यांचा कोच

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल की हा एखाद्या शेडचा उरलेला पत्रा असावा. त्यात तुमची चूक नाही. माझा निळा रंग उडाला आहे आणि एक कोपरा वाकला आहे. पण मी एक जुना गुणफलक आहे. अबू धाबीतल्या एका रग्बी लीग संघाचे चार वर्षांचे जय-पराजय मी छातीवर वागवले आहेत.

माझा जन्म शहराबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका वर्कशॉपमध्ये झाला. गुहागरच्या हेमचंद्र नावाच्या वेल्डरने टाकीच्या कामातून उरलेला पत्रा मालकाला विचारून घेतला. कुणाचे बोट कापू नये म्हणून त्याने माझ्या कडा दुमडल्या, आकड्यांच्या पट्ट्यांसाठी हूक जोडले आणि वर संघाचे नाव रंगवले, 'क्रॅब्स'. आमच्या माणसांसाठी मात्र ते 'खेकडे'च होते.

हेमचंद्र गावी कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. इथे पहिल्यांदा रग्बी लीग पाहिली तेव्हा तो म्हणाला होता, "अरे, ही तर चेंडू घेऊन खेळायची कबड्डी! धरायचं, पाडायचं. सहा वेळा पडलात की चेंडू दुसऱ्याला. खलास!" त्या दिवसापासून तो खेकड्यांचा झाला. दर शनिवारी तो मला पिकअपमध्ये घालून मैदानावर न्यायचा. लोक माझी तारीफ करायचे आणि मी उन्हात आणखी ताठ उभा राहायचो.

संघात यूनुस नावाचा दापोलीचा मुलगा होता. तो कंपनीची बस चालवायचा आणि अकरा नंबरची जर्सी घालायचा. घोट्याला कसे धरायचे, हे त्याला हेमचंद्रानेच शिकवले होते.

मग क्लबने नीरव नावाचा मुख्य कोच आणला. तो दुबईत वाढलेला होता आणि तिथल्याच जुमेरा लेक टॉवर्स या उंच इमारतींच्या भागात त्याचे ऑफिस होते. कुणाला तुच्छ लेखू नये, असे तुम्हाला शाळेत शिकवतात. ते खरेच आहे. पण मी दोन मोसम या माणसाला अगदी समोरून पाहिले आहे, म्हणून मला माफ करा.

सप्टेंबरच्या उन्हात पोरे मैदानाला फेऱ्या मारायची. नीरव गाडीत एसी लावून बसायचा, काच चार बोटे खाली करायचा आणि त्या फटीतून शिट्टी वाजवायचा.

"हा कोच आहे की टॅक्सीतलं गिऱ्हाईक?" हेमचंद्र म्हणायचा.

संघ जिंकला की नीरव केस सारखे करून माझ्यासमोर फोटोला उभा राहायचा आणि म्हणायचा, "माय सिस्टिम." हरला की माझ्याकडे पाठ करून म्हणायचा, "दीज बॉईज." खेळाडूंची नावेही त्याला धड येत नसत. तो नंबरानेच हाक मारायचा.

उपांत्य सामन्याचा दिवस आला. आमचे चौदा, त्यांचे सोळा आणि दहा मिनिटे बाकी. यूनुसने एका धिप्पाड गड्याला पाडले, पण त्याचे डोके त्या गड्याच्या गुडघ्यावर आदळले. त्याला बाहेर आणले. प्रथमोपचाराला सोनम नावाची नर्स होती. तिने विचारले, "यूनुस, आपण कुठे आहोत?"

यूनुस हसला. "दापोलीत."

सोनम ताडकन उठली. "सर, ही इज आउट. मी याला हॉस्पिटलमध्ये नेते."

"टेन मिनिट्स ओन्ली," नीरव घड्याळाकडे बघत म्हणाला. "इलेव्हन, यू ओके?"

"यस कोच," यूनुस म्हणाला. मुख्य कोचला नाही म्हणायचे कसे, हे त्या पोराला कुणी शिकवलेच नव्हते. नीरवने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला पुन्हा आत ढकलले. पंच पार पलीकडच्या टोकाला होते. सोनम ओरडत राहिली, पण तिचा आवाज गर्दीत विरला.

हेमचंद्राने यूनुसची वाकडी पडणारी पावले पाहिली. पुढच्या क्षणी त्याने माझ्या आकड्यांच्या पट्ट्या खडाखड ओढून वाळूत फेकल्या. खिशातला मार्किंगचा खडू काढून माझ्यावर भल्यामोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिले, 'इलेव्हन. हेड इंज्युरी. स्टॉप.' मग मला डोक्यावर धरून तो रेषेच्या कडेने पंचांच्या दिशेने धावत सुटला. माझा कोपरा तेव्हाच वाकला, कुंपणाच्या खांबावर आपटून.

पंचांनी वाचले आणि शिट्टी वाजली. यूनुसला बाहेर काढले. गाडीपर्यंत पोहोचायच्या आतच त्याला उलटी झाली.

नीरव लालबुंद होऊन आला. "हू इज दिस मॅन?"

दोन वर्षे ज्याच्या फलकासमोर फोटो काढले, त्याला नीरव ओळखतही नव्हता.

"वेल्डर हूँ साहब," हेमचंद्र धापा टाकत म्हणाला. "लोहा जोड़ता हूँ. सिर नहीं जुड़ता."

आम्ही चौदा-बावीसने हरलो. हॉस्पिटलात यूनुसच्या डोक्यात थोडा रक्तस्राव आढळला. आणखी एक धक्का बसला असता तर जिवावर बेतले असते, असे डॉक्टर म्हणाले. देवाच्या दयेने तो बरा झाला, पण त्याचा खेळ कायमचा सुटला. त्याच्या आईने, हव्वाबींनी, गावाहून हेमचंद्राला फोन केला आणि त्या बोलायच्या आधी बराच वेळ रडल्या. हेमचंद्र नुसता "हो काकू, हो काकू" म्हणत राहिला.

नीरवचे काय झाले? काहीच नाही. एका प्रेक्षकामुळे फायनल हुकली, असा ईमेल त्याने क्लबला पाठवला. क्लबने विजेवर चालणारा फलक घेतला. हेमचंद्राला रेषेजवळ यायला बंदी झाली आणि नीरवला आणखी दोन मोसम मिळाले. मी आता वर्कशॉपच्या मागे सिलिंडरांशेजारी धूळ खात उभा आहे.

यूनुस हॉस्पिटलातून खोलीवर परतला त्याच आठवड्यात त्याला कोचचा एकच मेसेज आला होता, 'रिटर्न जर्सी.' तब्येतीची चौकशी नव्हती, नावही नव्हते. यूनुस ती धुऊन, इस्त्री करून वर्कशॉपमध्ये घेऊन आला.

"त्या माणसासाठी एवढी नीट घडी कशाला घालतोस?" हेमचंद्र चिडून म्हणाला.

"त्याच्यासाठी नाही, दादा. पुढच्या पोराला घालायची आहे ती."

मित्रांनो, माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल. पत्रा गंजतो, तो त्याचा धर्मच आहे. पण कधी मैदानावर गेलात, तर फलक नंतर वाचा. आधी पाहा, ती जर्सी कुणाच्या अंगावर आहे आणि त्याची पावले सरळ पडताहेत ना.