पाव उघडून बघणारे

अंबडच्या जुन्या मित्राचं, कडूबांचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं. सर्जेरावांनी ते पुन्हापुन्हा वाचलं, एका जाडजूड कादंबरीत खुणेसारखं घातलं आणि उत्तर मात्र दिलं नाही. आता संक्रांत तोंडावर आली होती.

पत्रात अवघड असं काही नव्हतं. "फोनवर बोललं की घरभर कान होतात, म्हणून लिहितो. आपल्या अक्षताला जालन्याचं स्थळ आलंय. पोरगा माऊली, मस्तगडला बर्गरचं हॉटेल चालवतो. नातीला पसंत आहे. घरातले म्हणतात, हॉटेलवाल्याला काय पोरगी द्यायची? तुम्ही जालन्यातच आहात. गुपचूप जाऊन बघा आणि कळवा. तुमच्या शब्दावर मी घरात भांडेन. संक्रांतीपर्यंत कळलं नाही तर तिचा मामा दुसरीकडं बोलणी लावणार."

'तुमच्या शब्दावर' इथंच सगळं अडलं. सर्जेरावांचं आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलेलं. पुस्तकातला लबाड माणूससुद्धा त्यांना शेवटच्या प्रकरणापर्यंत ओळखू येत नसे. मग जित्याजागत्या पोराची हमी कशी द्यायची? चांगला म्हणावं आणि नातीचं वाटोळं व्हावं. वाईट म्हणावं आणि तिनं जन्मभर बोल लावावा. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं करत करत दोन-अडीच महिने गेले.

शेवटी एका दुपारी, मफलर नाकापर्यंत ओढून ते मस्तगडला गेले.

पाटी होती 'माऊलीचा बर्गर अड्डा'. सर्जेराव पाटीखालीच थबकले. अड्डा म्हटलं की त्यांना पत्त्यांचा नाहीतर दारूचा एवढाच ठाऊक. आत चार टेबलं, कॉलेजची पोरं आणि मागच्या बाजूला फुलाफुलांचा एक जाड पडदा. गल्ल्यावरचा पोरगा दर थोड्या वेळानं त्या पडद्याआड जायचा, काहीतरी कुजबुजायचा आणि परत यायचा. सर्जेरावांनी पडद्याची नोंद मनात करून ठेवली.

"काका, कोणाला भेटायचंय का?" पोरानं विचारलं.

"नाही. खायला आलोय." आपला आवाज चोरासारखा आला असं त्यांना वाटलं. "तो... बर्गर."

"साधा का चीजवाला?"

"साधाच. अगदी साधा."

बर्गर आला. वरून काडी खुपसलेली. सर्जेरावांनी काडी उपसली, वरचा पाव हळूच उचलला आणि चष्मा सावरून आत वाकून पाहिलं. कोबी, कांद्याच्या चकत्या, एक तांबूस टिक्की आणि सगळ्यावर पांढरा लगदा.

"हे पांढरं काय आहे?"

"मेयो, काका."

"अंड्याचं?"

"बिलकुल न्हाई. बिनअंड्याचं."

उत्तर जरा जास्तच झटकन आलं. पाठ केल्यासारखं. तेवढ्यात पडदा हलला आणि फटीत दोन डोळे चमकले. सर्जेरावांनी घाईघाईनं पाव मिटला आणि घास घेतला. सॉस मिशीला लागला, कोबी मांडीवर सांडला. आतली टिक्की मात्र ओळखीची निघाली. बटाटा, कोथिंबीर, लसूण आणि मागून सावकाश चढत जाणारी हिरवी मिरची.

"चौकशीला आलात ना, दादा?" पडद्यामागून बाईचा आवाज आला.

घास घशातच अडकला. पोरानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

पडदा सारून एक बाई बाहेर आली. हात कोपरापर्यंत बटाट्यानं माखलेले. "मी याची आई, कौसल्या. गिऱ्हाईक बर्गर चावतंय, दादा. चौकशीवाला आधी पाव उघडून बघतोय. तुम्ही तिसरे."

"आई, खाऊ दे की त्यायला," माऊली ओशाळून म्हणाला.

"खाऊ देत. आधीच्या दोघांनी बी खाल्लं. कळवतो म्हणून गेले. न्हाई म्हणायला तरी यावं का न्हाई माणसानं? हे पोरगं फोनकडं बघत बसतंय."

सर्जेरावांना कादंबरीतलं ते पत्र आठवलं आणि मान खाली गेली. पण संशय कुठला जायला? न राहवून त्यांनी विचारलं, "तुम्ही पडद्याआड का बसता? मुलाला लाज वाटते का तुमची?"

एवढं थेट आपण कसं बोललो, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

कौसल्याबाई मात्र खो-खो हसल्या. "मला थापताना पाह्यलं की ही पोरं म्हणतात, हा तर मावशीचा बटाटावडा! मंग मीच लावला पडदा. हा रोज म्हणतो, काढ. रोज भांडण."

"रोज न्हाई," माऊली म्हणाला. "सोमवारी बंद असतं हॉटेल."

हेही दोघांनी ठरवून ठेवलेलं असेल का? सर्जेराव दोघांची तोंडं न्याहाळत राहिले. तोंडांवरून काही वाचता येईना.

"काका, बर्गर कसा झालाय?" माऊलीनं विचारलं. एका हातात फडकं आणि ते त्यानं घट्ट पिळून धरलेलं.

"सॉस गोड आहे. फारच गोड." सर्जेराव पुटपुटले आणि लगेच पस्तावले.

माऊलीच्या कपाळाला आठी पडली. तो गल्ल्यामागं गेला, बरणीतला सॉस चमच्यानं तळहातावर घेऊन चाटला आणि तिथूनच ओरडला, "आई, खरंच गोड झालाय गं!"

"सकाळधरनं काय सांगून राह्यले मी? माझं ऐकायचंच न्हाई! लोकाचं बराबर ऐकतो!"

"चुकलं, बाई. जल्दी मिरची दे."

मायलेकरं पडद्याआड गेली. पाहुणा बसलाय हे दोघं साफ विसरली होती. आतून खलबत्त्याचा आवाज आणि भांडण, दोन्ही एकदमच येत राहिलं. सर्जेरावांनी उरलेला बर्गर न उघडता खाल्ला.

घरी येऊन त्यांनी लिहिलं:

"कडूबा, उशीर झाला, माफ करा. पोरगा चांगला की वाईट हे मला सांगता येणार नाही. पाहिलं तेवढं लिहितो. मी चौकशीला आलोय हे त्याला कळलं होतं. तरी सॉस गोड आहे म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही, चाखून पाहिला आणि चूक कबूल केली. आईशी भांडतो. आई त्याहून जास्त भांडते. माझ्या शब्दावर भांडू नका. संक्रांतीआधी अक्षताला घेऊन स्वतः या. फक्त पाव उघडून बघू नका, ते लगेच ओळखतात."

पोस्टाच्या पेटीपाशी त्यांचा हात पुन्हा अडखळला. 'चूक कबूल केली' हे जास्त तर झालं नाही? पाकीट फोडून एकदा आत बघावं का? त्यांनी अंगठा कडेखाली घातलाही.

मग अंगठा काढून घेतला आणि पाकीट फटीतून आत सोडलं.